नाशिकहून गॉलवेला निघालोय: थंड पाण्यातल्या सर्फिंगसाठी उबदार आणि लवचीक वेटसूट कसा निवडावा?

गोदातरंग (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरात एका वर्षाच्या शिक्षणासाठी आयर्लंडमधल्या गॉलवेला जातोय. तिथून साधारण दीड तासावर लाहिंच नावाचं गाव आहे. अटलांटिकच्या लाटा तिथे थेट किनाऱ्यावर येतात आणि शिकाऊ लोकांना झेपेल असा वाळूचा किनारा आहे. मी गेली तीन वर्षं सुट्टी मिळेल तेव्हा मंगळूरजवळच्या मुळकीला जाऊन सर्फिंग शिकतोय. लाटेवर उभं राहता येतं, वळताही येतं थोडं. हे वर्ष वाया घालवायचं नाही असं मनाशी पक्कं केलंय.

अडचण पाण्याची. मुळकीला पाणी २८ अंशांच्या आसपास, अंगात रॅशगार्ड (बोर्डवर कातडी घासू नये म्हणून घालतात तो पातळ घट्ट सदरा) आणि चड्डी एवढं पुरतं. लाहिंचला ऑगस्टअखेर १५-१६ अंश आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये ९-१०.

आपण नाशिकचे, थंडी आपल्याला नवी नाही असं मला वाटायचं. गेल्या डिसेंबरात मुद्दाम पहाटे उघड्या तलावात पोहायला उतरलो. सोबत नेलेला थर्मामीटर १८ अंश दाखवत होता. वीस मिनिटांनी बाहेर आलो तेव्हा चड्डीच्या नाडीची गाठ सोडता येईना. बोटं दिसत होती, हलवतही होतो, पण नाडी चिमटीत धरलीय की नाही तेच कळत नव्हतं. ते १८ अंश होते. तिथे त्याच्या निम्मे.

माझी उंची ५ फूट ११ इंच, वजन ६६ किलो, हात लांब. एक मित्र त्याचा ट्रायथलॉनचा वेटसूट फुकट द्यायला तयार आहे. तो चालेल का? ४/३, ५/४ हे आकडे नेमके कसे वाचायचे? जाड घेतला तर हात फिरतात का? आणि इथून घेऊन जावं की तिथे घ्यावं?

सांताक्रूझचा_नाशिककर

सांताक्रूझ म्हणजे कॅलिफोर्नियातलं. मूळचा पंचवटीतला, इथे बारा वर्षं झाली. आमचं पाणी वर्षभर ११ ते १५ अंशांत असतं, त्यामुळे वेटसूटशिवाय पाऊल टाकत नाही.

मित्राचा सूट नम्रपणे परत कर. ट्रायथलॉनचा सूट सरळ रेषेत पोहण्यासाठी असतो. बाहेरचा पृष्ठभाग गुळगुळीत आणि नाजूक, बोर्डवर छाती घासली की फाटतो. पाय पाण्यावर उचलले जावेत म्हणून मांडीला जाड पट्टे असतात, सर्फिंगला त्यांचा उपयोग नाही. स्कूबाचा सूटही नको. खोल पाण्याच्या दाबाखाली चेपू नये म्हणून त्याचं निओप्रीन (वेटसूटचं रबर) घट्ट विणीच्या गादीसारखं असतं, खांदे फिरत नाहीत.

आता आकडे. ४/३ म्हणजे धडाला ४ मिलिमीटर आणि हातापायांना ३. ५/४/३ मध्ये धड ५, पाय ४, हात ३. कंपनीगणिक थोडा फरक पडतो. ढोबळ अंदाज असा: १४ ते १८ अंशांना ३/२, ११ ते १४ ला ४/३, ८ ते ११ ला ५/४ आणि त्याखाली ६/५. हे आकडे जोराचं वारं नसताना, मध्यम अंगकाठीच्या माणसासाठी. तू सडपातळ आहेस, तुला एक पायरी वरचा लागेल.

पण जाडीच्या आधी माप. हे मी कळकळीने लिहितोय, कारण पहिला सूट मी "थोडा सैल बरा" म्हणून एक माप मोठा घेतला आणि अख्खा हिवाळा कुडकुडत काढला. वेटसूट ऊब कशाने देतो हे समजलं की माप का महत्त्वाचं ते कळेल. निओप्रीन म्हणजे रबराचा फेस. त्यात वायूचे लाखो बारीक बुडबुडे असतात आणि प्रत्येक बुडबुडा बंद असतो, एकातून दुसऱ्यात पाणी जात नाही. खरी ऊब त्या बुडबुड्यांची. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने अंगातली उष्णता ओढून नेतं, आणि हे बुडबुडे मधे उभे राहतात. आत शिरलेल्या थोड्या पाण्यामुळे ऊब मिळते असं सगळीकडे लिहिलेलं असतं. ते पाणी फक्त जागच्या जागी राहिलं तर गरम होतं. सूट सैल असेल तर प्रत्येक लाटेला गरम पाणी बाहेर आणि गार पाणी आत. मग ५ मिलिमीटर काय आणि ७ काय.

१९५०च्या सुमाराला बर्कलेच्या ह्यू ब्रॅडनर या भौतिकशास्त्रज्ञाने निओप्रीनचा सूट सुचवला तो याच तत्त्वावर: अंग ओलं राहिलं तरी चालेल, उष्णता जाता कामा नये. जॅक ओ'नील यांनी १९५२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सर्फचं दुकान काढलं आणि पुढे ते आमच्या गावी आले. त्यांचं निधन २०१७ मध्ये झालं. इथल्या म्हाताऱ्या सर्फरांच्या बोलण्यात अजून लोकरीचे स्वेटर घालून लाटांवर जायच्या दिवसांच्या आठवणी येतात.

अंगात घालून बघताना या जागा तपास. कमरेचा खळगा: पाठीमागे सूट अंगापासून सुटतो का? बगल: हात वर केल्यावर घडी पडते का? जांघ: शिवण अंगाला पूर्ण टेकली पाहिजे, दोन बोटं मावतील इतकी खाली लोंबता कामा नये. गळा घट्ट हवा, पण गिळताना त्रास नको. मग उकिडवा बस, दोन्ही हात पोहल्यासारखे वीस वेळा फिरव. कोरड्या खोलीत गुदमरल्यासारखं घट्ट वाटेल, ते ठीक. पाण्यात आणि आठवड्याभराच्या वापराने सूट थोडा सैलावतो.

तुझ्या उंचीला मीडियम कमी पडेल आणि लार्ज कमरेत सुटेल. मापांत "एमटी" म्हणजे मीडियम टॉल असतं, ते शोध. आखूड धडाचा सूट खांद्यांना खाली ओढतो आणि एका तासात हात भरून येतात. लवचीक नाही म्हणून ज्या सुटाला नावं ठेवली जातात, तो बऱ्याचदा फक्त आखूड असतो.

सुईदोरा

समुद्रातलं मला काही कळत नाही, मुलगी बेंगळुरूहून अंदमानला डायव्हिंगला जाते म्हणून हा धागा उघडला. पण तीस वर्षं शिवणकाम करतेय. मुलीचा सूट घरी आला तेव्हा मी तो उलटा करून शिवणी बघत बसले होते. इथे लिहिण्यासारखं आहे म्हणून लिहिते.

स्वस्त सुटात दोन तुकडे एकावर एक ठेवून वरून सपाट टीप मारलेली असते, आतून बाहेरून दोन्हीकडे दोरा दिसतो. त्याला फ्लॅटलॉक म्हणतात. टीप मजबूत, पण सुई आरपार गेलेली, म्हणजे प्रत्येक टाक्याला एक भोक. हजारो भोकं. उजेडापुढे धरून शिवण ताणली तर ठिपके दिसतात.

चांगल्या सुटात तुकड्यांच्या कडा आधी गोंदाने एकमेकींना भिडवतात आणि मग वरून टीप घालतात, पण सुई अर्ध्या जाडीपर्यंतच शिरते आणि त्याच बाजूने बाहेर येते. आपण साडीला फॉल लावताना किंवा पँटला तुरपाई करताना जसं वरच्या कापडाचा एखादाच धागा उचलतो, तसंच. तिकडे त्याला ब्लाइंडस्टिच म्हणतात. आरपार भोक नाही, म्हणून पाणी नाही. त्याहून वरच्या दर्जाला आतून शिवणीवर पट्टी चिकटवतात किंवा बाहेरून रबराची ओळ ओततात.

मुला, दुकानात गेलास की सूट आधी उलटा कर. बाहेरून सगळे सारखेच काळे दिसतात. बगलेत किती शिवणी एकत्र येतात ते मोज. चार कळ्या जिथे मिळतात तिथेच झबलंसुद्धा उसवतं. बगलेत एकच मोठा सलग तुकडा असेल तर हात मोकळा फिरतो आणि काखेची कातडीही सोलवटत नाही.

गोदातरंग (धागाकर्ता)

काकू, तुरपाईचं वाचलं आणि एका दमात समजलं. मी चार दिवस हेच इंग्रजीत वाचत होतो. मित्राचा सूट परत केला. दादा, तुम्ही सांगितलेल्या सगळ्या जागा कागदावर उतरवून घेतल्यात.

द्राक्षबाग

निफाड तालुक्यातून. पोहायला येतं, बाकी काही नाही. एक शंका आहे. अंगाला चांगला सूट असूनही लोक पाण्याबाहेर बोर्डवर बसले की जास्त कुडकुडतात असं एका व्हिडिओत पाहिलं. पाण्यात कमी आणि हवेत जास्त, असं का?

आमच्याकडे जानेवारीत पारा ५-६ वर येतो तेव्हा पहाटे बागेत शेकोट्या करतो. नुसत्या थंडीला माणूस टिकतो. पण ओल्या बाह्यांनी वाऱ्यात उभं राहिलं की हाडं वाजतात.

सांताक्रूझचा_नाशिककर

तुम्हीच उत्तर दिलंत. सुटाच्या बाहेरून नायलॉनचं कापड असेल तर ते पाणी धरून ठेवतं. वारा लागला की ते पाणी उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. माठातलं पाणी ज्याने गार होतं तेच. म्हणून बऱ्याच हिवाळी सुटांना छातीवर आणि पाठीवर कापड न लावलेलं गुळगुळीत रबर ठेवतात. पाणी ओघळून जातं, माठ होत नाही. हातापायांना मात्र कापड हवं, नाहीतर ओरखडे पडतात. गोदातरंग, अटलांटिकच्या काठी वारा जवळजवळ रोजचाच, त्यामुळे हे बघच.

आतल्या बाजूला छाती-पाठीला लोकरीसारखं केसाळ अस्तर मिळतं. ते घे. पाणी पटकन निथळतं, जाडी न वाढवता ऊब वाढते.

रबरशीट

अंबड एमआयडीसीत रबराचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात कामाला आहे, निओप्रीन रोज हाताखालून जातं. चार गोष्टी.

निओप्रीन म्हणजे पॉलिक्लोरोप्रीन, ड्यूपॉन्ट कंपनीच्या प्रयोगशाळेत १९३० मध्ये सापडलं. "चुनखडीपासून बनवलेलं" अशी जाहिरात दिसेल. कच्चा माल पेट्रोलियमऐवजी चुनखडीतून घेतलेला असतो, शेवटी रबर तेच. जपानी चुनखडी निओप्रीन हलकं आणि बारीक बुडबुड्यांचं असतं हे खरं, पण त्याला पर्यावरणस्नेही म्हणणं मला पटत नाही. ज्यांना क्लोरोप्रीन नकोच, त्यांच्यासाठी युलेक्स नावाचं नैसर्गिक रबर आहे. आपल्या केरळात ज्या झाडाला चिरे पाडून चीक काढतात त्याच जातीच्या झाडाचं. पॅटागोनिया कंपनीने २०१६ पासून त्याचे सूट काढले. ताण चांगला, ऊबही बरोबरीची. लॅटेक्सची अॅलर्जी असेल तर मात्र आधी विचारून घ्या.

लवचीकपणा तपासायची सोपी युक्ती: खांद्याचा तुकडा दोन्ही हातांनी ताणून सोडा. किती ताणला गेला याहून तो किती पटकन आणि पूर्ण मागे आला हे बघा. ताणून तसाच राहिला तर वर्षभरात खांदा ढिला पडणार.

जुना सूट घेत असाल तर गुडघा आणि बूड अंगठ्याने दाबा. बुडबुडे फुटलेला भाग पातळ आणि कडक लागतो, पत्र्यावर ताणलेल्या ट्यूबसारखा. तिथली ऊब गेली.

आणि फाटला तर घाबरू नका. सूट ओढून चढवताना नखाने हमखास चंद्रकोरीएवढा काप पडतो. तो दुरुस्त करणं म्हणजे पंक्चर काढणंच. जागा कोरडी ठणठणीत करा, निओप्रीन सिमेंट (रबर चिकटवायचा गोंद) दोन्ही कडांना पातळ लावा, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबा, पुन्हा एक हात द्या, पुन्हा सुकू द्या, मग कडा भिडवून दाबा. ओलं असताना चिकटवलं तर निघून येतं. सायकलवाल्याकडे सोल्युशन लावून तो फुंकर मारत बसतो, ते याचसाठी.

उत्तरकिनारा

मी सिडकोतली, सहा वर्षं स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला थर्सोजवळ राहतेय. इथे हिवाळ्यात पाणी ६-७ अंश. वर दादांनी सगळं नेमकं सांगितलंय, एका बाबतीत माझं मत वेगळं आहे.

सडपातळ आहे म्हणून एक पायरी जाड घ्यावा असं ते म्हणतात. मी म्हणेन, खांद्यांचा विचार आधी कर. गोदातरंग अजून शिकतोय, म्हणजे दर लाटेमागे पुष्कळ वल्हवणार. जाड सुटात दर हाताला रबर ताणायला थोडी ताकद जाते, तासाभरात हात दमतात, आणि हात थांबले की अंग गार पडायला लागतं. माझ्या ६/५ पेक्षा केसाळ अस्तराचा ५/४ मी जास्त वेळ वापरते. ऊब वाढवायची तर टोपी, हातमोजे आणि बूट यांनी वाढव, त्यांचा खांद्यांवर भार नाही. सूट ५/४, बूट ५ मिलिमीटरचे, हातमोजे ३ चे. टोपी सुटाला जोडलेली नको, वेगळी घे. सप्टेंबर-ऑक्टोबरात ती काढून ठेवता येईल.

चेनबद्दल कुणी लिहिलं नाही. पाठीवरची चेन चढवायला सोपी, पण लांब चेन वाकत नाही आणि तिथून कण्यावर पाणी झिरपतं. छातीवरची आडवी चेन घे. पहिल्या दिवशी डोकं बाहेर काढताना घाबरायला होतं, दोन-तीन वेळा घरी सराव कर. पायात प्लास्टिकची पिशवी घालून पाय सरकवायचा, घोट्यापासून वर थोडं थोडं चढवत न्यायचं, बोटांच्या पेरांनी धरायचं, नखांनी नाही. कमरेपर्यंत नीट बसल्याशिवाय हात घालायचे नाहीत.

पहिल्या वर्षी मी एका सर्फ शाळेतून भाड्याचा सूट घेतला होता. मागच्या माणसाच्या मापाचा, कमरेत फुगलेला. पहिलीच लाट डोक्यावरून गेली आणि पाठीतून पाण्याचा लोट उतरला. श्वास आत ओढला गेला तो बाहेरच येईना. तोंड पाण्याखाली नव्हतं एवढंच नशीब. याला कोल्ड शॉक म्हणतात, १५ अंशांखाली तो कुणालाही होऊ शकतो, उत्तम पोहणाऱ्यालाही. पहिली मिनिटं जपायची: पाण्यात हळूहळू उतरायचं, मान आणि चेहरा ओला करायचा, श्वास लयीत येईपर्यंत कमरेएवढ्या पाण्यातच थांबायचं. आणि पडलास, घाबरलास तर हातपाय मारू नकोस. डोकं मागे टाकून, कान पाण्यात ठेवून तरंग. इथली आरएनएलआय ही जीवरक्षक संस्था हेच शिकवते.

बाहेर आल्यावरही काही वेळ अंगाचं तापमान उतरत राहतं. म्हणून आधी टोपी आणि कोरडे कपडे, मग गप्पा. थर्मासमध्ये चहा ने, पण गाडी किंवा सायकल लगेच चालवू नकोस. आणि बोटांचं तू लिहिलंयस ते लक्षात ठेव. हातमोजे काढल्यावर बोर्डची दोरी सोडता येईना की समज, दहा मिनिटं आधीच निघायला हवं होतं.

सांताक्रूझचा_नाशिककर

उत्तरकिनारा, पटलं. ६ अंशांचा अनुभव तुमचा आहे, माझा नाही. केसाळ अस्तराचा ५/४ आणि सोबत बूट-टोपी. माझा सल्ला बदलतो.

गोदातरंग (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. इथून काहीच घेत नाही. अंगात घालून बघितल्याशिवाय घ्यायचं नाही हे ठरलं. पहिले काही आठवडे तिथे भाड्याने घेईन, पण कमरेचा खळगा तपासूनच.

धुण्याबद्दल एक विचारायचं राहिलं. खोली लहान असणार, बाल्कनी नाही.

सुईदोरा

मुलगी काय करते ते सांगते. दर वेळी गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवून खळबळून घेते. गरम पाणी नाही, मशीन नाही, पिळायचं तर मुळीच नाही. आधी उलटा करून वाळवायचा, आतली बाजू कोरडी झाली की सुलटा. खांद्यांवर टांगायचा नाही, ओल्या वजनाने खांदे लांबतात. कमरेत दुमडून जाड दांडीवर टाकायचा. ऊन नको. रबर उन्हात चिरतं, हे नाशिकच्या उन्हात वाळवलेल्या प्रत्येक चपलेने शिकवलंय.

गोदातरंग (धागाकर्ता)

धागा वर काढतोय. आज ९ नोव्हेंबर, गॉलवेहून लिहितोय.

ऑक्टोबरभर भाड्याचे सूट वापरले, एकही नीट बसला नाही. मग तीन दुकानं पालथी घालून अकरा सूट अंगात घातले. शेवटी घेतला तो ५/४, छातीवर चेन, एमटी माप, छाती-पाठीला केसाळ अस्तर. मागच्या हंगामातला रंग म्हणून बराच स्वस्त मिळाला. दुकानातच उलटा करून शिवणी बघायला लागलो तेव्हा दुकानदार बाई जवळ आल्या आणि काय शोधतोय ते विचारलं. तुरपाई कशी करतात ते त्यांना हाताने दाखवलं. त्यांनी आतून दुसरा सूट आणून दिला, बगलेत सलग तुकडा असलेला. तोच घेतला.

काल लाहिंचला पाणी १३ अंश होतं, पश्चिमेचा वारा, छातीएवढ्या लाटा. पाण्यात शिरताना श्वास लागला, कमरेएवढ्या पाण्यात मनातल्या मनात शंभर मोजले, मग गेलो. एक तास वीस मिनिटं होतो. पाठीत पाणी आलं नाही. गळ्यातून दोनदा थोडं आलं, तिथली पट्टी अजून नीट बसवावी लागेल. हात दमले, पण गार पडले नाहीत. उजवीकडे जाणाऱ्या एका लाटेवर किनाऱ्याची वाळू लागेपर्यंत उभा होतो.

बाहेर आल्यावर हातमोजे काढले आणि पायाला बांधलेली बोर्डची दोरी पहिल्या झटक्यात सोडली. पट्टीचा खरखरीतपणा बोटांना नीट कळत होता.

फक्त डाव्या मांडीवर एक चंद्रकोर पडलीय. रबरशीट दादा, दोन हातांच्या मध्ये साधारण किती वेळ सुकू द्यायचं? इथे खोलीत १७ अंश आहे आणि हवा दमट.

रबरशीट

दमट हवेत घाई नको. पहिल्या हाताला पंधरा-वीस मिनिटं, दुसऱ्यालाही तेवढीच, पण घड्याळापेक्षा बोटावर विश्वास ठेव. बोटाची पाठ टेकवून बघ, ओढ लागली पण सिमेंट बोटावर आलं नाही की कडा भिडव. त्याआधी काप गोड्या पाण्याने धुऊन दोन दिवस पूर्ण वाळू दे, आत मीठ राहिलं तर पकड येत नाही. चिकटवल्यावर एक दिवस सूट घालू नकोस.